लोहाराचा मुलगा आणि ‘आयन’ हा शब्द

नव्या दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारा एक रुंद रस्ता आहे. इंग्रजांच्या अमदानीत त्याला कर्झन रोड म्हणत. पुढे व्हाइसरॉयचे ते नाव गेले आणि १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना जिने देह ठेवला, त्या कस्तुरबांचे नाव त्या मार्गाला मिळाले. याच कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ सालापासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. भाषांतराच्या कामानिमित्त मी दिल्लीला गेलो असता एक परिचित मराठी ख्रिस्ती कुटुंब तेथे मला भेटावयास आले. त्यांची मुलगी दहावीत शिकणारी. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा असल्याने ती विज्ञानाचे पुस्तक बरोबर घेऊनच आली होती. धडा आयनिक बंधाचा होता.

सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीनचा अणू तो घेतो, आणि मीठ तयार होते, हे तिला तोंडपाठ होते. परंतु तिच्या दोन शंका होत्या. आयन म्हणजे काय हे पुस्तकात आहे, पण त्याला आयन का म्हणावयाचे? आणि सोडियमला काही देण्याची गरजच का पडावी?

दुसऱ्या प्रश्नाने मी थोडा ओशाळलो. अनेक वर्षांपूर्वी तरुणांच्या एका शिबिरात मी याच मिठाचा दृष्टान्त देऊन प्रवचन केले होते. सोडियम स्वखुशीने देतो, क्लोरीन आनंदाने स्वीकारतो आणि या देण्याघेण्यातून अतूट बंध निर्माण होतो, असे मी रंगवून सांगितले. ऐकणाऱ्यांना ते आवडले, मलाही आवडले. पण मी जे बोललो ते खरे आहे काय, हे मी कधी पारखून पाहिले नव्हते. त्या मुलीला उत्तर देण्यासाठी मला ‘आयन’ हा शब्द ज्याने रूढ केला त्या माणसाकडे जावे लागले. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरडे. वाचकहो, विजेच्या यंत्रांचा आद्य जनक म्हणून आपण सर्व जण त्यांना ओळखतो. शब्दांच्या बाबतीत ते किती जपून वागत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

लोहाराच्या घरात

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार होते. प्रकृती साथ देत नसल्याने त्यांच्या हातून नियमित काम होत नसे. चार भावंडांच्या त्या घरात गरिबी कायमची वस्तीला होती. १८०१ साली धान्य महागले, तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलच्या वाट्याला आठवडाभरासाठी एक पाव येई आणि तो त्याने पुरवून पुरवून खावयाचा असे.

शाळेत वाचन, लेखन व अंकगणित यांची तोंडओळख झाली, तेवढेच त्यांचे औपचारिक शिक्षण. लॅटिन नाही, ग्रीक नाही, उच्च गणित तर नाहीच. परंतु घरात एक संपत्ती होती. आईवडील सँडेमनपंथी मंडळीत जात असत. स्कॉटलंडमधील जॉन ग्लास व त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्या शिकवणुकीतून निघालेला हा एक लहानसा पंथ होता. पवित्र शास्त्र जे सांगते ते मानावे आणि त्यात आपल्या पदरची भर घालू नये, अशी त्यांची शिस्त होती. मंडळीला पगारी पाळक नसे. सभासदांतून निवडलेले वडील उपासना चालवीत. प्रत्येक प्रभुवारी सारे जण एकत्र बसून प्रीतिभोजन करीत. धन साठवून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. या मंडळीने त्या मुलावर जो संस्कार केला, तो पुढे प्रयोगशाळेतही त्याच्या सोबत राहिला असे मला वाटते.

पुस्तकबांधणीच्या दुकानात

तेराव्या वर्षी मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या पोऱ्या म्हणून लागले. वर्तमानपत्रे घरोघर पोहोचवावयाची आणि वाचून झाली की परत आणावयाची, हे काम. वर्षभराने रिबोंनी त्यांना पुस्तकबांधणीसाठी उमेदवार म्हणून घेतले. उमेदवारीची मुदत सात वर्षांची होती.

हातात बांधणीसाठी आलेली पुस्तके ते रात्री वाचून काढीत. विश्वकोशातील विजेवरचा लेख त्यांनी असाच वाचला. जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाने तर त्यांना वेड लावले. वाचलेले खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते पदरच्या पैशांतून साहित्य आणून लहान लहान प्रयोग करीत. १८१० साली वडील वारले. त्याच सुमारास शहरात होणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांना ते जाऊ लागले; दर व्याख्यानाचे एक शिलिंग त्यांचा थोरला भाऊ रॉबर्ट देत असे, आणि तोही लोहारच होता.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. १८०७ साली वितळलेल्या क्षारांतून विजेचा प्रवाह सोडून त्यांनी पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच वेगळे केले होते. फॅरडे यांनी ती व्याख्याने टिपून घेतली, आकृत्यांसह सुवाच्य अक्षरात उतरवली, स्वतःच्या हातांनी त्यांचा ग्रंथ बांधला आणि वर्षअखेरीस तो डेव्हींकडे पाठवून कामाची विनंती केली. मार्च १८१३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते तेथे प्रयोगशाळेतील मदतनीस झाले. राहण्यासाठी माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी त्याच वास्तूत काम केले.

मान आणि अपमान

त्याच वर्षी डेव्ही दांपत्याबरोबर ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. पॅरिसला अँपिअर, मिलानला वृद्ध व्होल्टा, असे थोर शास्त्रज्ञ त्यांना पाहावयास मिळाले. परंतु डेव्हींच्या पत्नीने त्यांना नोकराप्रमाणे वागवले. लोहाराच्या मुलाला हे दुःख गिळावे लागले. पुढे १८२१ साली, तारेभोवती चुंबक व चुंबकाभोवती तार फिरवून दाखवणारा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा आळही त्यांच्यावर आला. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्यांचे नाव निघाले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये फॅरडे निवडून आले. डेव्हींविषयी कृतज्ञता मात्र त्यांनी अखेरपर्यंत बाळगली.

१२ जून १८२१ रोजी त्यांचा विवाह आपल्याच मंडळीतील सेरा बर्नार्ड यांच्याशी झाला. महिन्याभराने फॅरडे यांनी मंडळीपुढे उभे राहून आपल्या विश्वासाची कबुली दिली आणि ते पूर्ण सभासद झाले. हे पाऊल उचलण्यापूर्वी त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते. ही गोष्ट देव आणि आपण यांच्यामधली आहे, असे ते मानीत. त्यांना मूलबाळ झाले नाही, पण त्यांचा संसार शेवटपर्यंत सुखाचा राहिला.

बर्फाचा पापुद्रा

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी चुंबकाच्या साहाय्याने वीजप्रवाह निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढले. आपल्या घरी येणारी वीज बव्हंशी त्याच तत्त्वावर तयार होते. त्याची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून तिथे न थांबता आपण १८३३ सालाकडे वळू.

त्या वर्षाच्या आरंभी फॅरडे यांच्या असे लक्षात आले की, पाण्यातून जाणारा वीजप्रवाह मध्ये बर्फाचा पातळसा पापुद्रा आला तरी थांबतो. पदार्थ तोच, मग द्रव असताना वीज जाते आणि गोठल्यावर अडते, हे कसे? त्यांनी क्लोराइडे, नायट्रेटे असे कितीतरी क्षार एकामागून एक तपासले. शिशाचे क्लोराइड घन स्थितीत वीज जाऊ देईना. वितळताच जाऊ देई आणि त्याच वेळी त्याचे विघटनही होई. पुन्हा थिजले की प्रवाह बंद. फॅरडे यांना दिसले की, येथे वीज तारेतून जाते तशी जात नाही. पदार्थाचे घटकच चालत जातात, एक या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला. चालावयास मोकळीक नसेल तर वीजही जात नाही.

मग ही वाटचाल कशामुळे होते? तोवरच्या शास्त्रज्ञांचा समज असा की, द्रवात बुडवलेली धातूची दोन टोके हे ‘ध्रुव’ आहेत आणि चुंबकाच्या ध्रुवांप्रमाणे ते कणांना ओढून घेतात. फॅरडे यांनी सोडियम सल्फेटच्या द्रावणात भिजवलेले लिटमसचे आणि हळदीचे कागद घेतले आणि धातू त्यांना न टेकवता हवेतूनच वीज त्यांच्यात सोडली. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणी जाणते. अल्कली तयार झाली की हळदीचा कागद तसाच लालसर होतो. धातूचे टोक नसतानाही कागदांचे रंग बदलले. म्हणजे ओढून घेणारा ध्रुव तेथे नव्हताच. ते नुसते दार होते, ज्यातून वीज आत येते किंवा बाहेर जाते.

मोजमापात तर त्यांनी कमाल केली. जेवढी वीज जाईल तेवढ्या प्रमाणात पदार्थ सुटा होतो, हा त्यांचा पहिला नियम. आणि तेवढीच वीज निरनिराळ्या संयुगांतून सोडली तर हायड्रोजन १ ग्रॅम सुटत असताना ऑक्सिजन ८ ग्रॅम, क्लोरीन सुमारे ३५.५ ग्रॅम आणि चांदी सुमारे १०८ ग्रॅम सुटते. हे आकडे रासायनिक तुल्यभारांचेच आहेत, हा दुसरा. रसायन आणि वीज यांचे नाते अशा रीतीने तराजूत तोलले गेले.

शब्दांचा शोध

आता अडचण उभी राहिली ती भाषेची. ‘ध्रुव’ म्हणावे तर तो शब्दच खोटे बोलत होता; तो ऐकणाऱ्याच्या मनात आकर्षणाची कल्पना आधीच पेरीत होता. फॅरडे यांना असे शब्द हवे होते की, जे दिसले तेवढेच सांगतील आणि उद्या विजेविषयीची आजची मते बदलली तरी खोटे पडणार नाहीत. आपणास ग्रीक येत नाही हे त्यांनी लपवले नाही. प्रथम त्यांनी व्हिटलॉक निकोल या आपल्या वैद्य मित्राची मदत घेतली. नंतर एप्रिल १८३४ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विल्यम व्ह्यूएल यांना पत्र लिहिले. व्ह्यूएल हे दीक्षित पाळक, थोर विद्वान आणि लँकेस्टरच्या एका सुताराचे पुत्र. लोहाराचा मुलगा आणि सुताराचा मुलगा यांच्या पत्रव्यवहारातून आजच्या शाळेतील शब्द जन्मास आले.

वीज जेथून आत शिरते व जेथून बाहेर पडते त्या पृष्ठांना सामान्य नाव ठरले इलेक्ट्रोड. यातील उत्तरपद ‘होडोस’, म्हणजे मार्ग. पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला हा शब्द रोजच्या परिचयाचा. निर्गमाच्या पुस्तकाचे ग्रीक नाव ‘एक्सोडोस’ यातूनच बनले आणि प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या पंथाला जे ‘तो मार्ग’ म्हटले आहे, तेथेही मूळ शब्द हाच. इलेक्ट्रोलिसिसमधील ‘लिसिस’ म्हणजे सोडवणे, मोकळे करणे. लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा त्याला मोकळे करण्याची जी आज्ञा प्रभूने दिली, तिच्यात याच धातूचे क्रियापद आहे.

दोन इलेक्ट्रोडांना वेगवेगळी नावे देताना व्ह्यूएल यांनी सूर्याकडे पाहिले. पृथ्वीचे चुंबकत्व तिच्याभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहांमुळे आहे असे मानले, आणि आपल्या भांड्यातील प्रवाहही त्याच दिशेने वाहतो असे धरले, तर एक इलेक्ट्रोड सूर्योदयाच्या बाजूला येतो आणि दुसरा सूर्यास्ताच्या. म्हणून पहिला अॅनोड, म्हणजे वर चढण्याची वाट. दुसरा कॅथोड, म्हणजे खाली उतरण्याची वाट. आणि त्या वाटांनी जाणारे जे घटक, त्यांचे नाव आयन. ‘जाणे’ या ग्रीक क्रियापदाचे ते नपुंसकलिंगी कृदन्त आहे. त्याचा अर्थ एवढाच : जाणारे. अॅनोडकडे जाणारे ते अॅनायन, कॅथोडकडे जाणारे ते कॅटायन. या नव्या शब्दांवर काहींनी आक्षेप घेतले, तेव्हा फॅरडे यांनी व्ह्यूएल यांच्या विद्वत्तेची ढाल पुढे धरली आणि टीकेचा सूर मवाळ झाला.

येथे मराठी वाचकाला एक आनंदाची गोष्ट सांगावीशी वाटते. त्या ग्रीक क्रियापदाचा आणि संस्कृतातील ‘इ’, म्हणजे जाणे, या धातूचा उगम एकच आहे. त्या धातूपासूनच ‘अयन’ हा शब्द झाला, ज्याचा अर्थ गमन किंवा मार्ग. उत्तरायण आणि दक्षिणायन म्हणजे सूर्याचे जाणे. मराठीत ‘आयन’ हा शब्द आला तो इंग्रजी उच्चारावरून. पण दूरच्या वाटेने तो आपल्याच भाऊबंदांच्या घरी पोहोचला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत अॅनोड व कॅथोड यांना धनाग्र व ऋणाग्र म्हणतात. शब्द सुटसुटीत आहेत आणि मुलांना उपयोगीही आहेत. परंतु ‘अग्र’ म्हणजे टोक. फॅरडे यांनी टोक ही कल्पना बाजूस सारून मुद्दाम वाट ही कल्पना घेतली होती. भाषांतरात वाट हरवली आणि टोक परत आले. माझ्या हातूनही असे किती ठिकाणी झाले असेल, या विचाराने मला हा प्रसंग वारंवार आठवतो.

जे त्यांना ठाऊक नव्हते

आयन हे नाव देणाऱ्याला आयन म्हणजे नक्की काय हे ठाऊक नव्हते. वीजप्रवाहामुळेच पदार्थाचे घटक सुटतात व चालू लागतात, अशी फॅरडे यांची समजूत होती. अणूंविषयी तर ते फार सावधपणे बोलत. १८८४ साली स्वीडनच्या स्वान्टे आऱ्हेनियस या तरुणाने आपल्या प्रबंधात वेगळी दिशा दाखवली आणि १८८७ पर्यंत आपले मत स्पष्ट केले. त्याच्या मते क्षार पाण्यात विरघळला की वीज न सोडताही त्याचे आयन सुटे होतात. परीक्षकांनी त्या प्रबंधाला हलकी श्रेणी दिली. १९०३ साली त्याच कार्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

एप्रिल १८९७ मध्ये जे. जे. टॉमसन यांनी अणूहूनही लहान अशा ऋणभारित कणाचा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा, शोध एका शुक्रवारच्या व्याख्यानात मांडला. ते व्याख्यान रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाले आणि शुक्रवारच्या त्या व्याख्यानांची प्रथा फॅरडे यांनीच पाडलेली होती. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात एक सोडियम व एक क्लोरीन यांची जोडी कोठेच सापडली नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन, अशी ती अखंड मांडणी होती. जुन्या पिढीच्या आर्मस्ट्राँग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला हे इतके असह्य झाले की, १९२७ सालीही त्याने त्याविरुद्ध जाहीर लेखन केले. १९१६ साली जर्मनीच्या वाल्टर कोसेल यांनी इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून होणाऱ्या आयनिक बंधाची उपपत्ती मांडली. आपल्या देशाचाही या कार्यात वाटा आहे. ज्ञानचंद्र घोष या बंगाली शास्त्रज्ञाने १९१८ साली द्रावणातील आयनांच्या वर्तनाविषयी एक सिद्धान्त मांडला. १९२३ साली डिबाय व ह्युकेल यांनी त्याहून समर्पक सिद्धान्त दिला, तरी त्या वाटेवरचे घोष यांचे पाऊल महत्त्वाचे होते.

या साऱ्या उलथापालथीत ‘आयन’ हा शब्द टिकला. कल्पना बदलल्या, चित्रे बदलली. परंतु ‘जाणारे’ एवढेच सांगणाऱ्या शब्दाला खोटे ठरवण्याजोगे काही नव्हतेच. फॅरडे यांनी आपल्या अज्ञानावर मोठ्या शब्दाचे पांघरूण घातले नाही, म्हणून पुढील पिढ्यांना त्या शब्दात नवे सत्य ठेवण्यास जागा मिळाली.

आणि याच ठिकाणी माझ्या जुन्या दृष्टान्ताची लबाडी उघडी पडली. सोडियम स्वखुशीने काही देत नाही. वायुरूपातील २३ ग्रॅम सोडियमच्या अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन काढावयाचा तर सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या तेवढ्याच अणूंनी ते इलेक्ट्रॉन स्वीकारले की सुमारे ३४९ किलोजूल परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात तोटाच आहे. परंतु विरुद्ध भारांचे ते सारे आयन एकत्र येऊन स्फटिकात स्थिरावतात, तेव्हा सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो तो त्या एकत्र येण्यात. म्हणूनच मीठ वितळवावयास सुमारे ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. घन मिठात आयन असतातच, पण जागेला जखडलेले. म्हणून त्यातून वीज जात नाही. वितळवले किंवा पाण्यात विरघळवले की त्यांना वाट मोकळी होते. बर्फाच्या पापुद्र्याने फॅरडे यांच्यापुढे ठेवलेल्या कोड्यातील क्षारांचे उत्तर असे जवळजवळ ऐंशी वर्षांनी पुरे झाले.

उत्तरायुष्य

कीर्ती वाढली तशी मोहाची ठिकाणेही वाढली. उद्योगधंद्यांना सल्ला देऊन फॅरडे श्रीमंत होऊ शकले असते. तशी मिळकत येऊ लागलीही होती. परंतु ते काम त्यांनी कमी करीत आणले आणि मिळेल त्यातून गरजूंना देत राहिले. दीपगृहांसाठी मात्र त्यांनी १८३६ पासून जवळजवळ तीस वर्षे काम केले. सरदारकी त्यांनी नाकारली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. मुलांसाठी नाताळात होणाऱ्या व्याख्यानांना मात्र ते आनंदाने उभे राहात. एका साध्या मेणबत्तीच्या रसायनावर त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने जगभर गेली.

१८४० साली मंडळीने त्यांना वडील म्हणून निवडले. १८४४ च्या वसंतात मंडळीत मोठा वाद होऊन फॅरडे व आणखी काही सभासदांना बहिष्कृत करण्यात आले. राणीच्या निमंत्रणावरून ते एका प्रभुवारी उपासनेस गैरहजर राहिले म्हणून ही शिक्षा झाली, अशी कथा सांगतात. पण तिला पुरावा नाही. काही आठवड्यांतच त्यांना परत घेण्यात आले, परंतु वडीलपद गेले. जगाने डोक्यावर घेतलेला हा माणूस त्या लहानशा मंडळीपुढे नम्र झाला, तिला सोडून गेला नाही. १८६० साली ते पुन्हा वडील झाले.

निसर्ग देवाची निर्मिती आहे, याविषयी त्यांच्या मनात किंतू नव्हता. तरीही प्रयोगशाळेतील निष्कर्षांवरून विश्वास सिद्ध करण्याचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. तारणाचे ज्ञान माणसाच्या बुद्धीने नव्हे, तर देवाच्या प्रकटीकरणाने मिळते, आणि निसर्गाचे ज्ञान प्रयोगाने तपासून घ्यावे लागते, असा भेद ते स्पष्टपणे करीत. शास्त्रवचनात भर घालू नये आणि प्रयोगात दिसले त्याहून अधिक बोलू नये, या दोन्ही सवयी मला एकाच घरातल्या वाटतात.

चाळिशीच्या अखेरीपासून त्यांची स्मरणशक्ती त्यांना दगा देऊ लागली होती. पुढे तर आदल्या दिवशीचे कामही आठवेना. त्यांनी तक्रार न करता एकेक जबाबदारी खाली ठेवली. राणीने हॅम्प्टन कोर्ट येथे दिलेल्या घरात, आपल्या खुर्चीत बसलेले असताना, २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीचा मान त्यांना नको होता. हायगेटच्या दफनभूमीत, प्रस्थापित चर्चबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात, साध्या दगडाखाली त्यांना पुरण्यात आले.

पुन्हा त्या मार्गावर

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि आदाम त्यांना नावे देतो. प्राणी घडवणारा देव आहे. माणसाचे काम पाहावयाचे आणि नाव द्यावयाचे. जे पुढे आणले आहे ते नीट न पाहता नाव देणारा स्वतःचीही फसवणूक करतो आणि ऐकणाऱ्यांचीही. व्यासपीठावर उभे राहणाऱ्या आम्हां लोकांना हा मोह अधिक. दृष्टान्त गोड असला की तो खरा आहे किंवा नाही, हे पाहावयास आम्ही थांबत नाही. प्रभूने मिठाचा दाखला दिला तो मिठाच्या खारटपणावरून, प्रत्येक घरात चाखून पाहता येईल अशा गोष्टीवरून.

त्या संध्याकाळी महाराष्ट्र सदनात मी त्या मुलीला आयन या शब्दाचा अर्थ सांगितला. सोडियम देतो ते खुशीने नव्हे. त्याची किंमत पडते, आणि ती भरून येते सर्वांनी एकत्र येण्यात, हेही सांगितले. तिने वहीच्या समासात आयन या शब्दापुढे ‘जाणारे’ असे लिहून ठेवले. मग तिने विचारले की, माझ्या त्या जुन्या शिबिरातील मुलांना हे कोण सांगणार?

त्यांच्यापैकी काही जण आज स्वतःच पाळक व शिक्षक आहेत. ते हे मासिक वाचत असतील, या आशेने मी हा लेख लिहिला आहे.